हरकत

वरच्या चार ओळी पोरीनं लिहिल्यात,
"माननीय सचिव महोदय" वगैरे.
इथून पुढं मी सांगते तसं.

नाव शालन मारुती पठाडे. राहणार निपाणी.
मांडीवर सूप, सुपात पाला, तेवीस वर्षं.
तोंड मुडपायचं पत्र्याचं नख बोटात असतं,
झोपतानाही कधीकधी राहून जातं.
बोटांवरच्या रेघा पाल्यानं घासून नेल्या.
रेशनचं मशीन माझा अंगठा ओळखत नाही,
दोनदा पुसून, तिसऱ्यांदा फुंकर मारून दाबला तरी.

तुमच्या मसुद्यानं मात्र मला लगेच ओळखलं.

मसुदा कानडीत होता. गंगव्वानं वाचला.
वखारीत ती माझ्या डाव्या हाताला बसायची,
आता दोघी आपापल्या घरात वळतो.
कलम चारवर तिचं बोट अडलं.
"कार्मिक अल्ल," म्हणाली.

इल्ल मला ठाऊक आहे.
उधार मागायला गेलं की दुकानदार इल्ल म्हणतो.
अल्ल ही त्याची थोरली बहीण.
इल्ल म्हणजे नाही.
अल्ल म्हणजे, तू ती नव्हेसच.

घरी बसून विडी वळणारी बाई कामगार नव्हे,
स्वयंउद्योजक.
हा शब्द पोरीनं मला तीनदा म्हणून दाखवला.
तोंडात मावत नाही.

म्हणजे मी मालकीण झाले.
फंडाचं कार्ड गेलं, पोरीची शिष्यवृत्ती गेली,
खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी गेली,
आणि मालकी आली.

तर साहेब, मालकिणीचे प्रश्न लिहून घ्या.
पाला कुणी मोजून दिला?
कमी भरला तर माझ्या पदरचे पैसे का जातात?
हजाराचा दर कोणत्या टेबलावर ठरतो,
तिथं माझी खुर्ची कुठं आहे?
आणि छाट काढणारा तो पोरगा,
मिसरूड न फुटलेला,
माझ्या सत्तर विड्या "सैल" म्हणून पोत्यात टाकतो,
त्या पोत्याचं पुढं काय होतं?
मालकिणीला एवढं तरी कळावं.

परवा अधिवेशनाला आलो होतो आम्ही.
टेंपोत एक्केचाळीस बायका,
मेहरुन्निसाच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं, तिच्या मांडीवर तिचा नातू.
हत्तरगीला पोलिसांनी अडवलं.
मराठी ऐकून साहेबानं काठी खिडकीवर टेकवली,
"सीमेचं आहे काय?"
हौसाबाई बहात्तर वर्षांची. कान जड, जीभ हलकी.
"व्हय, सीमेचंच की," म्हणाली,
"उंबऱ्याची सीमा.
उंबऱ्याभायेर बसून वळली तर कामगार,
उंबऱ्याच्या आत वळली तर मालकीण.
तवा आमी आता उंबऱ्यावरच बसनार."
गंगव्वानं ते कानडीत सांगितलं.
त्यात तिनं अजून काय काय घातलं कोण जाणे,
साहेब हसला. त्याची आईही
गोकाककडं विडीच वळायची, असं निघालं.
सोडलं आम्हाला. गाडीचा नंबर मात्र लिहून घेतला.

हलग्याला मोठी पांढरी इमारत लांबूनच बघितली.
मंडपात एक जण निवेदन घ्यायला आला,
म्हणाला, इथं अंगठा.
माझा अंगठा म्हणजे जांभळी शाई नुसती,
रेघ एक नाही.
"हा कुणाचाही असू शकतो," तो म्हणाला.
बरोबर आहे, म्हटलं.
तो सगळ्यांचाच आहे.

घरी यायला रात्रीचे साडेदहा वाजले.
हातपाय धुतले आणि पाचशे वळल्या,
उद्याचा पाला अडू नये म्हणून.

कळावे.

ता. क. सोबत आमच्या गल्लीच्या दोनशे हरकती जोडल्यात.
सवयीनं पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधले गेले,
विडीच्याच दोऱ्यानं. गाठ हातानं सुटणार नाही, कात्री घ्या.
मोजून घ्या. कमी भरल्या तर कळवा, भरून देऊ.
अक्षर वाकडं असेल, कागद चुरगळला असेल,
पण सैल म्हणून एकही पोत्यात टाकू नका.
छाट काढायचा हक्क या खेपेला आम्ही आमच्याकडं ठेवलाय.
कलम चार आम्ही बोटानं दाबून बघितलं.
वरून घट्ट आहे.
आत तंबाखू नाही.